कायद्याने झाड ठरवलेले गवत

बांबू हे गवत आहे. गहू, ऊस आणि हरळीच्या कुळातले. त्याच्या काठीचा घेर वर्षागणिक वाढत नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो, तेवढीच काठीची जाडी कायम राहते. कोंब एका पावसाळ्यातच पूर्ण उंची गाठतो, आणि तोवर त्याला धड पानेही नसतात! ही वाढ होते ती बेटातल्या थोरल्या काठ्यांच्या कमाईवर. जमिनीखाली कंदांनी जोडलेले बेट म्हणजे एकत्र कुटुंबच. म्हणून तोडणीत कोवळ्या काठ्या राखायच्या आणि तीन वर्षांवरच्या पक्क्या काठ्या काढायच्या, त्यातल्याही काही ठेवायच्या. एवढे सांभाळले की सागासारखी अर्धे शतक वाट पाहावी लागत नाही.

१९२७च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूची गणना झाडांत केली. त्यामुळे जंगलातला तोडलेला बांबू इमारती लाकूड ठरला आणि त्यावर वनखात्याचा ताबा आला. कागद गिरण्यांना तो नाममात्र दराने मिळे. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला मात्र त्याच बांबूसाठी बाजारभाव मोजावा लागे.

१९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकात बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास केला. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची जाळी असते. ती साफ केली की दाटी कमी होऊन वाढ सुधारेल, असे वनखाते मानत होते. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब गुरे खातात. गाडगीळांच्या नोंदींतून गावकरीच बरोबर ठरले. हा शोध मुळात त्या गावकऱ्यांचा आहे, हे आवर्जून सांगायला हवे.

२००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड नसलेल्या वनउत्पादनांत, घेतले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्याअभावी बांबू गावाबाहेर नेता येईना. अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्यांना पूर्वी तोडणीची मजुरीच मिळे, ते आता स्वतः विक्रेते झाले.

२०१७मध्ये बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. तरी जंगलातल्या बांबूला १९२७चा कायदा अजूनही लागू आहे. त्यावरचा ग्रामसभांचा हक्क २००६च्या कायद्याच्या आधारे चालतो.