डब्यातली कार्डं

सकाळी 8. कपाट उघडून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढते. त्यात धंदा करणाऱ्या बायकांची लसीची कार्डं, महिन्यांप्रमाणे लावलेली. हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणारी कावीळ. लसीचे डोस तीन: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. बंगळूरला कामाठीपुऱ्यासारखी वस्ती नाही. इथला धंदा बसस्टँडवर, लॉजवर, फोनवर. घरी ठाऊक असतं की बाई गारमेंटमध्ये कामाला जाते. मग कार्ड घरी कसं न्यावं? ते माझ्याकडे राहतं.

9.30. मॅजेस्टिक बसस्टँड. "अक्का, तिंडी आयता?" नाश्ता झाला का, इथून बोलणं सुरू होतं. मी निपाणीची, दोन्ही भाषा तोंडात. एक बेळगावकडची मराठी ऐकून जवळ येते.

"निरोध वापरतो की आम्ही. मग आणि सुई कशाला?"

"मालकाबरोबर पण वापरतेस?"

ती गप्प. गिऱ्हाइकाला ती ठणकावून सांगते, घरच्या माणसाला सांगवत नाही. त्याच्यावर विश्वास नाही असं होतं ना! मी रागवत नाही. बीचा विषाणू एचआयव्हीपेक्षा 50 ते 100 पट सहज लागतो आणि शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो, एवढं सांगते. तिच्या मनगटावर ताजं गोंदण आहे, कडा अजून लाल. जत्रेत काढलं. सुई नवी होती का? "रांगेत पाचवी होते मी," म्हणते. बाळांना ही लस देशभर सरकारी लसीकरणात मिळू लागली ती 2011 च्या सुमारास. ही तेव्हा स्वतःच आई झाली होती.

11.30. तपासणी. एचआयव्ही आणि गरमीच्या तपासणीची सवय झालीय, हेपॅटायटिस बी आणि सीची मात्र नवी. "डोळे पिवळे नाहीत माझे," हे रोज ऐकते. हे आजार वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खातात, पिवळेपणा दिसेलच असं नाही.

आज एकीची सीची चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी एवढंच सांगते की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. आता आहे का, हे कळायला दुसरी चाचणी लागते. म्हणजे मोठं इस्पितळ, बुडालेला रोज, रांग, आणि खिडकीवरून मोठ्याने "काय काम करता?" इथेच बायका परत फिरतात. 19 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने या बायकांच्या सन्मानाचा हक्क मान्य केला, तो त्या खिडकीपर्यंत पोचलेला मला अजून दिसत नाही. उद्या मी तिच्याबरोबर जाणार. विषाणू असलाच तरी साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जण बरे होतात, आणि 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट आहे.

4.00. कलासीपाळ्याची लॉजं. दोघींना दुसरा डोस.

7.00. फोन. तिसरा डोस राहिलेल्यांपैकी तिघींचे नंबर बंद. चौथी उचलते. गावी होती, आठ महिने झाले, आता लाज वाटते म्हणते.

तिला सांगितलं तेच सगळ्यांना सांगते: उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. या, कार्ड डब्यात आहे.