एडीएचडी असलेल्या स्त्रियांसाठी द्वंद्वात्मक वर्तनोपचार

द्वंद्वात्मक वर्तनोपचार, अर्थात डीबीटी, ही तीव्र भावना हाताळण्याची कौशल्ये शिकविणारी मानसोपचारपद्धती आहे. एडीएचडी म्हणजे अवधान टिकविण्यात व आवेग आवरण्यात अडचण आणणारा मज्जाविकासात्मक विकार. तो असलेल्या स्त्रियांसाठी या पद्धतीत काही बदल केले जातात. हे बदल शिकविण्याच्या आशयात कमी आणि शिकलेले ऐन वेळी आठवावे यासाठीच्या व्यवस्थेत अधिक असतात.

पार्श्वभूमी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहॅन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात ही पद्धती विकसित केली. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या स्त्रियांवरील तिची नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये, तर सविस्तर ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सजगता, क्लेशसहिष्णुता, भावनांचे नियमन आणि परस्परसंबंध हे तिचे चार कौशल्यविभाग होत. आहे ते स्वीकारणे व ते बदलणे या परस्परविरोधी भासणाऱ्या गोष्टी एकत्र साधणे, हा ‘द्वंद्वात्मक’ या शब्दाचा येथील अर्थ.

डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेत चटकन चिडणे वा मनःस्थिती पालटणे यांचा समावेश एडीएचडीच्या मुख्य निकषांत नाही. ती केवळ आनुषंगिक लक्षणे मानली आहेत. मुलींमध्ये अतिचंचलतेपेक्षा अवधानाची उणीव अधिक आढळते आणि ती वर्गात कोणाला त्रासदायक होत नसल्याने दुर्लक्षिली जाते. परिणामी अनेक स्त्रिया प्रौढपणी नैराश्य किंवा चिंता यांसाठी उपचारास येतात. काहींना बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान मिळते. दोन्ही विकार एकत्रही असू शकतात.

उपचारातील बदल

मूळ पद्धतीत रुग्णाने रोज दैनंदिनी-पत्रक भरावयाचे असते. गृहपाठ न करणे व सत्रे चुकविणे यांस ‘उपचारात अडथळा आणणारे वर्तन’ म्हटले जाते. सलग चार आठवडे अनुपस्थित राहिल्यास उपचार थांबविण्याचा नियमही आहे. एडीएचडीमध्ये मात्र पत्रक विसरणे हे बहुधा विकाराचेच लक्षण असते. आळशी व बेजबाबदार हे शेरे लहानपणापासून ऐकलेल्या स्त्रीला त्याबद्दल जाब विचारल्यास जुनी लाज पुन्हा जागी होते आणि ती उपचार सोडण्याची शक्यता वाढते. म्हणून विसरणे दोष न मानता सोडविण्याचा प्रश्न मानले जाते. पत्रक दोन-तीन नोंदींपुरते ठेवतात, ते भरण्याची वेळ दात घासण्यासारख्या ठरलेल्या सवयीला जोडतात, दूरध्वनीवर गजर लावतात आणि गृहपाठाची सुरुवात सत्रातच करून घेतात.

सजगतेचा सराव दीर्घकाळ स्थिर बसून न करता एक-दोन मिनिटांचा, चालताना किंवा भांडी घासताना करविला जातो. आद्याक्षरांची लांब सूत्रे पाठ करण्याऐवजी एकच कौशल्य चिठ्ठीवर लिहून दिसेल तेथे लावणे उपयोगी पडते. भावनेचा उद्रेक होत असताना चेहऱ्यास थंड पाणी लावण्यासारखे, फार विचार न लागणारे उपाय प्रथम शिकवितात. हृदयविकार असल्यास यासाठी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. मासिक पाळीपूर्वी लक्षणे वाढत असल्याचे अनेक स्त्रिया सांगतात. यास्तव पत्रकात पाळीच्या दिवसाची नोंद ठेवल्यास आकृतिबंध ध्यानात येतो.

परिणामकारकता

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे बर्न्ड हेसलिंगर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डीबीटीवर आधारित, प्रौढ एडीएचडीसाठीचा १३ सत्रांचा गट-कार्यक्रम मांडला. याच धर्तीच्या गट-उपचाराची ४३३ प्रौढांवरील चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुख्य लक्षणांबाबत गट-उपचार वैयक्तिक वैद्यकीय समुपदेशनापेक्षा सरस ठरला नाही. मिथाइलफेनिडेट हे औषध मात्र औषधी द्रव्य नसलेल्या गोळीपेक्षा प्रभावी ठरले. त्यामुळे कौशल्य-प्रशिक्षणास औषधोपचाराचा पर्याय मानणे योग्य नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ३३ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या छोट्या चाचणीत, केवळ छापील मार्गदर्शन मिळालेल्यांपेक्षा डीबीटी गटात अधिक सुधारणा दिसली. या गटाला सत्रांखेरीज दर आठवड्यास दूरध्वनीवरून थोडक्यात मार्गदर्शनही मिळत होते. या चाचण्यांत स्त्रिया व पुरुष दोघेही होते. पाळीच्या नोंदीसारखे स्त्रियांसाठीचे बदल त्यामुळे मुख्यतः चिकित्सकांच्या अनुभवावर आधारलेले आहेत.