उन्हाळा आणि गोल्फचें मैदान

गोल्फ हा साहेबांचा खेळ, असें म्हणून त्याकडे पाठ फिरविण्याचे दिवस आतां गेले. पुण्यास येरवड्याचें मैदान, मुंबईस चेंबूरचें आणि खाडीपलीकडे खारघरच्या डोंगरपायथ्याचें. या ठिकाणीं आज मराठी कुटुंबांतील माणसें काठ्यांची पिशवी घेऊन जातांना दिसतात. आजोबा निवृत्तीनंतरचें फिरणें म्हणून जातात, मुलगा व सून रविवारीं जातात, आणि उन्हाळ्याची सुटी लागली कीं नातवंडांचीं नांवें शिकवणीच्या वर्गांत घातलीं जातात. एकाच घरांतील तीन पिढ्यांना एकत्र खेळतां येईल असे खेळ थोडे. त्यांत गोल्फ हा एक होय, यांत शंका नाहीं. परंतु तीन पिढ्या एकाच उन्हांत उभ्या राहिल्या म्हणून तें ऊन तिघांस सारखेंच लागतें असें नाहीं. आणि त्यांच्यामागून पिशवी घेऊन जो चौथा मनुष्य चालत असतो, त्याला तें किती लागतें हें तर सहसा कोणी विचारीतच नाहीं. या चौघांविषयीं आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा खेळ मुळांत थंड देशांतला. स्कॉटलंडच्या समुद्रकांठच्या वाळवंटी गवतावर तो वाढला. तेथील उन्हाळा म्हणजे आपल्याकडील माथेरानचा हिवाळा म्हटलें तरी चालेल. तिकडील लोकांनीं तो आपल्याबरोबर हिंदुस्थानांत आणला, आणि १८२९ सालीं कलकत्त्यास जो क्लब स्थापन झाला तो ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब समजला जातो. पण वैशाख आला कीं साहेबमंडळी पठारावर थांबत नसत. सिमल्याजवळ नालदेहरा, काश्मिरांत गुलमर्ग, दक्षिणेस उटकमंड अशा थंड हवेच्या ठिकाणीं त्यांनीं मैदानें केलीं. म्हणजे उन्हाळ्याचा प्रश्न त्यांनीं सोडविला नाहीं, तर त्यापासून ते दूर गेले. आपल्याला ही सोय नाहीं. आपलें घर, आपली कचेरी आणि आपलें मैदान हीं तिन्ही उन्हांतच आहेत. तेव्हां आपण शहाणपणानें वागणें हाच एक उपाय उरतो.

गोल्फ खेळतांना धाप लागत नाहीं, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. आणि फसगत होते ती येथेंच. अठरा खड्ड्यांची एक फेरी म्हणजे सहा ते आठ किलोमीटरांची चाल आणि चार तासांहून अधिक काळ उघड्यावर वास्तव्य. टेनिस तासाभरांत आटोपतो, क्रिकेटमध्यें फलंदाजाची पाळी संपली कीं तो सावलींत येऊन बसतो. येथें मात्र फेरी अर्ध्यावर आली म्हणजे क्लबाची इमारत पुष्कळदां फार दूर राहिलेली असते, आणि परत फिरण्यापेक्षां पुढें जाणेंच मनाला सोपें वाटतें.

ऊन अंगावर काय करतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मनुष्याचें शरीर आपलें तपमान सुमारें ३७ अंश सेल्सिअसवर राखून असतें. स्नायू काम करूं लागले कीं खर्च झालेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानें अंगांत उरतो. ती उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य मार्ग दोन : एक, त्वचेवाटे ती भोंवतालच्या हवेस देणें, आणि दुसरा, घाम वाळविणें. हवा ३५ अंशांच्या पुढें गेली म्हणजे पहिला मार्ग बंद होतो, किंबहुना उलटा वाहूं लागतो. मग सारा भार घामावर पडतो. एक लिटर घाम पूर्णपणें वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; पण ‘वाळला तर’ हे शब्द विसरतां कामा नयेत. अंगावरून टपटप गळणारा घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, केवळ पारा पाहून निर्णय करणें धोक्याचें आहे. नागपूरच्या कोरड्या हवेंत घाम लगेच वाळतो, तर कोंकणपट्टींत तो वाळतच नाहीं. हवामानखातें पठारावर ४० अंश झाल्यावांचून उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाहीं. किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच करतें, त्याचें एक कारण हेंच. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें एका सरकारी पुरस्काराच्या समारंभास लाखों माणसें उघड्या मैदानांत तासन्‌तास बसलीं होतीं. त्या दिवशीं पारा चाळिशीलाही टेकला नव्हता. तरी उष्माघातानें डझनाहून अधिक माणसें दगावलीं. तीं धांवत नव्हतीं, खेळत नव्हतीं; केवळ बसलेलीं होतीं. मग त्याच हवेंत दुपारीं चार तास चालणाऱ्यानें किती जपावें, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.

आतां खेळाडूंचेंच उदाहरण घेऊं. टोकियोचा ऑलिंपिक महोत्सव महामारीमुळें एक वर्ष लांबून २०२१ सालीं भरला. त्यांतील स्त्रियांचे गोल्फचे सामने ४ ते ७ ऑगस्ट या दिवसांत कासुमिगासेकी येथील मैदानावर झाले. हवा दमट आणि ऊन प्रखर. पहिल्याच दिवशीं एका नामांकित अमेरिकन खेळाडूचा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा सोबती, उन्हानें इतका बेजार झाला कीं पंधराव्या खड्ड्याच्या सुमारास त्याला पिशवी खालीं ठेवावी लागली. खेळणारी उभी राहिली, आणि वाहणारा बसला! त्याच मैदानावर बंगळुरूची अदिति अशोक ही जगाच्या क्रमवारींत २०० वी असूनही चारही दिवस पदकाच्या स्पर्धेंत राहिली आणि शेवटीं चौथी आली. कांस्यपदक तिच्या हातून अवघ्या एका फटक्यानें गेलें. अदितीचें कौतुक सर्वांनीं केलें व तें यथायोग्यच होतें. पण ते चार दिवस तिची पिशवी तिच्या आईनें वाहिली, हें किती जणांच्या ध्यानांत राहिलें? खेळाडूला फटक्याचा विचार करावयाचा असतो. ओझें, चाल आणि ऊन हीं तिन्ही कॅडीच्या वांट्यास येतात.

तेव्हां सर्वांत पहिला नियम वेळेचा. वैशाखांत खेळावयाचें तर सूर्योदयाबरोबर मैदानावर असावें आणि साडेनऊच्या आंत परत फिरावें. एवढ्या वेळांत अठरा खड्डे होत नसतील तर नऊ खेळावेत. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. सायंकाळीं पांचाच्या आधीं बाहेर पडूं नये, कारण हवेचें तपमान माध्यान्हीं नव्हे तर दोन ते चार या वेळांत सर्वांत अधिक असतें. गांवाहून किंवा परदेशांतून सुटीसाठीं आलेल्या पाहुण्यांस पहिल्याच दिवशीं पूर्ण फेरीस नेऊं नये. शरीरास उन्हाची संवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशीं अर्धा तास, मग हळूहळू वाढ, हाच क्रम ठेवावा.

मुलांच्या वर्गाची आंखणीही याच धोरणानें व्हावी. सकाळीं सहा ते आठ हा वेळ मैदानासाठीं पुरे. त्यांतही लांब फटक्यांपेक्षां हिरवळीवर चेंडू अलगद खड्ड्यांत घालण्याच्या चुरशी ठेवाव्या. त्यांत मुलें रमतात, आणि जवळ सावली व पाणी असतें. दर वीस मिनिटांनीं सर्वांनीं मिळून पाणी प्यावें, तहान लागो अथवा न लागो. आठानंतर छपराखालीं खेळाचे नियम, गुण मांडण्याची रीत, काठ्यांचीं नांवें व उपयोग शिकवावे. उरलेल्या वेळास बुद्धिबळ व कॅरम आहेतच. या खेळांत पंच सहसा बरोबर नसतो, आपला फटका आपणच प्रामाणिकपणें मोजावयाचा असतो. ही शिकवण सावलींत बसूनही उत्तम देतां येते, आणि आमच्या मतें मुलांनीं या खेळापासून घ्यावयाचें मुख्य शिक्षण तेंच होय.

वेषाविषयीं फार सांगावयास नको. फिक्या रंगाचे, सैल, सुती कपडे, मानेवर सावली पडेल अशी रुंद कडेची टोपी, आणि छत्री. पिण्यास साधें पाणी सर्वांत उत्तम. त्याच्या जोडीला मीठ घातलेलें पातळ ताक, कैरीचें पन्हें, कोकमाचें सरबत हीं आपल्या घरचीं पेयें आहेतच; त्यांतील मीठ घामावाटे गेलेल्या मिठाची भर करतें. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें. खिशांत कांदा ठेवण्यास आमची हरकत नाहीं. मात्र कांदा खिशांत आहे म्हणून पाणी घरीं विसरूं नये! क्लबांतून मद्यपानाची चाल असते. खेळापूर्वीं वा खेळतांना मद्य घेणें हें उन्हाळ्यांत सर्वथा घातक, कारण तें अंगांतील पाणी कमी करतें व स्वतःची स्थिति ओळखण्याची बुद्धीही मंद करतें.

वडील माणसांची काळजी निराळी. वय वाढतें तशी तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं लघवीवाटे पाणी अधिक जातें. तेव्हां ‘मला तहान नाहीं’ या आजोबांच्या शब्दावर विसंबूं नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं पाणी व मीठ किती घ्यावें हें आपल्या डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें.

आतां चौथ्या माणसाकडे वळूं. आजोबा उठून घरीं जाऊं शकतात, मुलाला आई हांक मारते. कॅडीला मात्र वेळ निवडण्याचें स्वातंत्र्य नाहीं. पुष्कळ ठिकाणीं त्याला फेरीगणिक पैसे मिळतात, म्हणून फेरी टळली कीं त्या दिवसाची मिळकतही टळते. एक सभासद सकाळीं खेळून गेला तरी हा दुसऱ्याबरोबर पुन्हां निघतो. गवत कापणारे व पाणी घालणारे माळी तर दिवसभर तेथेंच असतात. आणि याच वर्गानें या खेळाला मोठीं माणसें दिलीं आहेत. १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. शिव शंकर प्रसाद चौरसिया हा कलकत्त्याच्या क्लबांतील हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा, आणि त्यानें तीच स्पर्धा २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदां जिंकली.

म्हणून सभासदांनीं आपल्या क्लबाकडे कांहीं गोष्टींचा आग्रह धरावा. दर तीन-चार खड्ड्यांवर सावली आणि थंड पाण्याचा माठ असावा, व त्या माठाचें पाणी कॅडी व माळी यांनाही तितकेंच मोकळें असावें. उन्हाळ्यांत सकाळच्या अखेरच्या फेरीची वेळ ठरवून ती पाळावी. उष्णतेमुळें फेरी रद्द झाल्यास कॅडीला निदान अर्धे पैसे द्यावे. नियमानें चौदा काठ्या नेण्यास मुभा आहे, परंतु घरगुती खेळास सात पुरतात. उरलेल्या सात घरीं ठेवल्या तर दुसऱ्याच्या खांद्यावरील कित्येक किलोंचें ओझें उतरतें. हा उपकार नव्हे. हें सभासदाचें साधें कर्तव्य आहे. २०१० सालच्या मे महिन्यांतील भयंकर लाटेनंतर अहमदाबाद शहरानें २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची योजना आंखली. तिच्यांतही वेळीं सूचना, पाणी आणि सावली यांवरच भर होता. शहराला जें जमलें तें एका क्लबाला न जमण्याचें कारण नाहीं.

एवढें करूनही प्रसंग आलाच तर ओळखावा कसा? डोकें दुखणें, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत वांब येणें, अंग गार व घामानें चिंब होणें हीं थकव्याचीं चिन्हें. अशा वेळीं खेळ तत्काळ थांबवून सावलींत निजवावें, पाय किंचित्‌ उंच करावे आणि पाणी पाजावें. परंतु मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, अडखळूं लागला, वा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात होय. त्या वेळीं अंगांतील तपमान ४० अंशांच्या वर गेलेलें असतें. घाम येत आहे म्हणून उष्माघात नव्हे, असें मुळींच समजूं नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत हात बांधून बसूं नये. सर्वांग थंड पाण्यानें भिजवावें, जोरानें वारा घालावा, मान, काखा व जांघा येथें बर्फ ठेवावा. हौद जवळ असेल तर डोकें वर धरून गळ्यापर्यंत पाण्यांत ठेवणें सर्वोत्तम. शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. येथें मिनिटांचा हिशेब असतो. आधीं थंड करणें, मग हलविणें.

शेवटीं वळवाविषयीं एक सूचना. आपल्याकडे वैशाखांतील दुपार पुष्कळदां गडगडाटानें संपते. उघडें मैदान, एकटें झाड आणि हातांत लोखंडी काठी; विजेला याहून सोईचें स्थान नाहीं. १९७५ सालीं ली ट्रेव्हिनो या नामांकित खेळाडूस शिकागोजवळ भर स्पर्धेंत विजेचा आघात झाला व त्याच्या पाठीस कायमची इजा झाली. टोकियोसही अखेरच्या दिवशीं वादळामुळें खेळ थांबवावा लागला होता. गडगडाट ऐकूं आला कीं काठ्या टाकून पक्क्या इमारतींत जावें, झाडाखालीं उभें राहूं नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावांचून बाहेर पडूं नये. आणि इमारतीकडे जातांना कॅडीस मागें पिशवी राखावयास ठेवूं नये.

ज्याला वेळ निवडतां येते त्यानें ती स्वतःपुरती निवडली तर तो केवळ सावध ठरतो; ज्याला ती निवडतां येत नाहीं त्याच्यासाठींही निवडली तर तो सुसंस्कृत ठरतो. यंदाच्या सुटींत आमच्या वाचकांपैकीं जे कोणी मैदानावर जातील त्यांनीं निघतांना पाण्याची बाटली अवश्य घ्यावी. फक्त ती एक न घेतां दोन घ्याव्या.