कमी भांडवलाचे धंदे – भाग ७ : गाडीचं काम दाराच्या आतून सुरू करा

गेल्या आठवड्यात आपण वॉशिंग सेंटरचा खर्च मांडला होता. रस्त्याला लागून जागा, बोअरवेल, रॅम्प, कॉम्प्रेसर, सांडपाण्याची सोय. तो आकडा वाचून बरेच जण थबकले असतील, कारण हाताशी वीस हजारही नाहीत आणि वरून सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरचा गुण, बिघडलेलं. हा भाग त्यांच्यासाठी आहे. सिबिल खराब असलं की कामांचा क्रमच बदलावा लागतो, एवढंच मला सांगायचं आहे. यंत्राचं काम नंतर, हाताचं काम आधी. आणि डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बारकाईच्या सफाईत, हाताचं काम असतं ते दाराच्या आत.

गोंदिया हा धानाचा आणि राइस मिलचा जिल्हा. मिलच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीचा ग्लोव्ह बॉक्स उघडून मागचा केबिन फिल्टर ओढून बघा, त्याच्या घड्यांत कोंडा आणि तूस ठासून भरलेलं असतं. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल चपलांबरोबर आत येतो, मॅटखालच्या गालिच्यात ओल धरते आणि चार दिवसांत कुबट वास सुटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचला की तोच वास दार उघडताच अंगावर येतो. शिवाय तंबाखू-सुपारीचा खर्रा आहेच. दाराच्या बाहेरच्या अंगाला वाळलेले ओघळ, काचेच्या रबरापाशी चुन्याचे ठिपके, सीटच्या खाचेत सुपारीचा चुरा. धुलाई सेंटरवर गाडी बाहेरून चकाचक होते, आत मात्र एक ओला फडका फिरतो. त्यांचा दोष नाही. रांगेत पाच गाड्या उभ्या असताना एकीच्या आत तीन तास घालवणं त्यांना परवडत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही पण वेळ आहे, त्याची जागा नेमकी इथे आहे.

हे तीन तास कसे जातात ते जवळून बघा. आधी गाडीचे फोटो, मालकासमोर. असलेले ओरखडे, फाटलेलं कव्हर, न चालणारी खिडकी, सगळं टिपून ठेवा. मग आतल्या वस्तू पिशवीत. चिल्लर, पावत्या, देवाचा फोटो, जे सापडेल ते त्याच पिशवीत मालकाच्या हातात द्यायचं. नंतर कोरडं व्हॅक्यूम, तेही सीट पुढे-मागे सरकवून. सीटखालच्या रुळात अडकलेला कचरा मऊ ब्रशने सुटा करायचा आणि लगेच ओढून घ्यायचा. ओल्या कामाची सुरुवात छतापासून, पण छताला पाणी कमीत कमी. छताचं कापड आत डिंकाने चिकटवलेलं असतं, ते भिजलं की लोंबायला लागतं आणि ती भरपाई तुमच्या अंगावर येते. म्हणून फेस कापडावर घ्या आणि एकाच दिशेने हलका हात फिरवा. बटणं, स्टीरिओ, एसीच्या कळा यांच्यावर थेट फवारा कधीच नको, फवारा नेहमी फडक्यावर. कापडी सीटला ऑल पर्पज क्लीनर साधारण एकास दहा पाण्यात, ब्रशने फेस, आणि तो वाळायच्या आत वेट व्हॅक्यूमने काळं पाणी ओढून काढायचं. ते काळं पाणी मालकाला दाखवा, तीच तुमची जाहिरात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पकडीने अडकवून ठेवा, पुसा, वाळल्याशिवाय आत सोडू नका. शेवटी चारही दारं उघडी ठेवून गाडी वाळवायची. पावसाळ्यात पंखा लावायचा, नाहीतर ज्या वासासाठी पैसे घेतले तोच आठवड्याने परत येतो.

डॅशबोर्डवर तेलकट चकाकी आणणारी पॉलिश मात्र वापरू नका. गाडी देताना ती छान दिसते, पण उन्हात तिची चमक समोरच्या काचेवर उमटते आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येते. कोंडा तर तिच्यावर असा चिकटतो की महिन्याभरात डॅशबोर्ड पहिल्यापेक्षा घाण दिसतो.

यासाठी सामान किती? १५ ते २० लिटरचा वेट-ड्राय व्हॅक्यूम, डझनभर मायक्रोफायबर कापडं, मऊ-कडक ब्रश, पाच लिटर क्लीनर, काचेचं लिक्विड, फवाऱ्याच्या बाटल्या, दोन बादल्या, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड. बाजारभावाने हे सुमारे १२ ते १५ हजारांत बसतं आणि मोटरसायकलवर बांधून नेता येतं. पाणी आणि वीज मालकाच्या अंगणातली. जागेचं भाडं नाही, सांडपाणी बादलीभर. त्यातच पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचं काम जोडा. १०००, २००० आणि ३००० नंबरचा पाणकागद, थोडं कंपाउंड आणि वरून अतिनील किरण अडवणारा लेप. लेप चुकवला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते, म्हणून तो दरातच धरा.

आता पैशाकडे वळू. ‘माझं सिबिल खराब आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी स्वतःचा अहवाल कधी वाचलेला नसतो. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन बघून मान हलवली, एवढीच त्यांची माहिती. देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. १ जानेवारी २०१७ पासून या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. चारही मागवा. ३०० ते ९०० मधला तो गुण बाजूला ठेवून खात्यांची यादी वाचा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर, ‘०६०’ म्हणजे साठ दिवस थकलेला. कुठे ‘सेटल्ड’ लिहिलं असेल, तर बँकेने येणं होतं त्याहून कमी घेऊन खातं मिटवलं आणि तो डाग राहिला. ‘रिटन ऑफ’ म्हणजे कर्ज माफ झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बँकेने ते आपल्या हिशेबात बुडीत दाखवलं आहे, तुमच्याकडचं येणं तसंच आहे.

या यादीत काय निघेल सांगता येत नाही. मोबाइलच्या हप्त्यातले राहून गेलेले हजार-दीड हजार. मावसभावाच्या ट्रॅक्टरला दिलेली जामिनकी. नोटाबंदीनंतर विदर्भात मायक्रोफायनान्सची वसुली विस्कटली होती, तेव्हाचं एखादं गटकर्ज. कधी नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचंच खातं. वडिलांच्या नावावरचं पीककर्ज कर्जमाफीची वाट बघत थकलं असेल, तर ती नोंद वडिलांची आहे. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर ती तुमच्या अहवालात यायला नको. आली असेल तर तक्रार करा.

नोंद चुकीची असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते, तीही फुकट. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोंद खरी असेल तर सगळ्यात लहान थकबाकी आधी भरा, ‘नो ड्यूज’चं पत्र घ्या आणि जपून ठेवा. बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची पद्धत १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे भरलेला पैसा आता लवकर दिसतो. पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहा, कारण खरी नोंद त्यांना पुसता येत नाही. आणि एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी अहवालात उमटते.

कर्ज कधी घेतलंच नसेल तर गोष्ट वेगळी. त्याला खराब सिबिल म्हणत नाहीत. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ मागचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत पुन्हा स्पष्ट केलं आहे.

पहिले १२-१५ हजार मात्र बँकेकडे मागायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे ‘उमेद’ आणि ‘माविम’चे महिला बचत गट गावोगाव आहेत. आई किंवा बायको गटात असेल तर अंतर्गत कर्ज मिळू शकतं आणि तिथे सिबिलपेक्षा गटातली पत मोठी. पण ते कर्ज तिच्या नावावर आहे, याची जाण मनात असू द्या. तिचा हप्ता चुकला तर गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिला उत्तर द्यावं लागतं. म्हणून गटाचा हप्ता आधी, तुमचं पेट्रोल नंतर. घरात थोडं सोनं असेल तर बँकेतलं सोनंतारण हाही रस्ता आहे. महिना पाच टक्क्यांच्या सावकाराचं दार मात्र ठोठावू नका. वर्षाला ते ६० टक्के होतात. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतीबाहेरच्या विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे आणि परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांच्याही नादी लागू नका.

समजा, आतल्या सफाईचा दर तुम्ही हजार रुपये ठेवला. लिक्विड, कापडाची झीज आणि पेट्रोल मिळून दीडशे गेले. आठवड्याला तीन गाड्या मिळाल्या तरी महिन्याला दहा हजारांच्या घरात उरतात. घराला त्यातून किती द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण पैसा येऊ द्या एकाच बचत खात्यात, क्यूआर कोडवरून. रोख मिळाली तरी त्याच खात्यात भरा. सहा महिन्यांचं ते पासबुक हा धंद्याचा पहिला पुरावा, कारण बँकेचा माणूस तुमची मेहनत बघायला कधी येणार नाही. त्याच काळात पाच-दहा हजारांची मुदत ठेव करून तिच्यावर छोटं कर्ज घ्या आणि हप्ते तारखेच्या आधी भरा. ठेव तारण असल्यामुळे जुन्या नोंदीची अडचण सहसा येत नाही आणि नवे ‘०००’ जमू लागतात.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं? जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे आधी जा. त्यांना विक्रीच्या आधी आतला वास आणि पिवळा हेडलाइट घालवायचा असतो, काम नियमित असतं, भाव मात्र घासाघीस करतात. मग दवाखाने, मिलमालक, नवेगाव-नागझिऱ्याच्या पर्यटकांना आणणाऱ्या टुरिस्ट गाड्या. दिवाळीच्या आधी गर्दी होते. धानाचा चुकारा हाती आला की गावातला माणूस गाडीवर खर्च करतो, आणि मग उन्हाळाभर लग्नं. जुलैमध्ये रोवणीला पैसा बांधीत गेलेला असतो, तेव्हा उधारी मागणारे वाढतील. अर्धे पैसे आधी, हा नियम ओळखीच्यालाही लावा.

कागदपत्रं थोडी आहेत. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर फुकट होते. सायबर कॅफेवाल्याने पाचशे मागितले तर ते त्याच्या टायपिंगचे. मोजकेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नाही. शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, मोफत वर्ग चालतात. डिटेलिंगचा वर्ग नसला तरी हिशेब आणि बँकेचा अर्ज लिहायला तिथे शिकाल.

सहा-आठ महिन्यांनी, थकबाकी मिटलेली आणि पासबुक भरलेलं असताना, मुद्रा योजनेच्या शिशू गटाचा अर्ज द्या. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत शिशूखाली ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. थकीत कर्जदाराला ते मिळत नाही, म्हणून तर आधी इतकं सगळं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. कारण लेखी कळवणं बँकांवर रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे आणि त्या कागदावरूनच पुढच्या वेळी काय दुरुस्त करायचं ते कळतं. मिळालं तर पूर्ण ५० हजार उचलू नका. प्रेशर वॉशर आणि ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर यांना सुमारे वीस हजार पुरतात.

पॉलिशर घेतलात तरी पहिला महिना तो गिऱ्हाइकाच्या गाडीला लावू नका. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, त्यातला वरचा पारदर्शक थर त्याच्या निम्म्याच्या जवळपास. पॉलिश करणं म्हणजे तोच थर घासून थोडा कमी करणं. कडेवर यंत्र क्षणभर रेंगाळलं की खालचा रंग उघडा पडतो आणि मग पेंटरकडे जाण्यावाचून इलाज नसतो. भंगारवाल्याकडून एक जुनं बॉनेट आणा आणि त्याच्या अर्ध्या भागावर कागदी पट्टी चिकटवा. उरलेल्या अर्ध्यावर हात बसवा आणि पट्टी काढून दोन्ही भाग सकाळच्या उन्हात तिरपे धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा गेलेल्या दिसल्या, की ते बॉनेट गिऱ्हाइकाला दाखवायला जवळ ठेवा. कोणतं पॅड, कोणतं कंपाउंड आणि पॉलिशचा दर किती, ते पुढच्या भागात.