सरकारी खरेदी : वस्तू, काम की सेवा?

एखाद्या सार्वजनिक उद्यानात नागरिकांच्या बसण्याची सोय करायची आहे, असे समजू. कारखान्यात तयार झालेली बाके आणून मांडली, तर ती वस्तूंची खरेदी झाली. त्याच जागी गवंडी लावून दगडी ओटा बांधून घेतला, तर ते काम. आणि तेथील रोजची झाडलोट वर्षभरासाठी एखाद्या संस्थेकडे सोपवली, तर ती सेवा. बसणाऱ्याला या भेदाशी काही कर्तव्य नसते. सरकारी दप्तरात मात्र या तीन वाटा पहिल्याच टिपणीपासून फुटतात. निविदा कोण भरू शकेल, ती कोणत्या निकषावर मिळेल, देयक कशाच्या आधारे निघेल आणि पुढे बाक मोडले किंवा ओट्याला तडा गेला तर जाब कोणाला विचारायचा, हे सारे त्या वर्गीकरणावर अवलंबून असते.

केंद्र सरकारच्या खात्यांसाठी हा भेद ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ मध्ये सांगितला आहे. त्यातील ‘वस्तू’ची व्याख्या मोठी मनोरंजक आहे. फर्निचर, यंत्रे, औषधे यांच्याबरोबर जनावरे, विमाने, जहाजे, रेल्वेचे डबे तिच्यात येतातच; शिवाय हातात धरता न येणारी सॉफ्टवेअर, परवाने आणि पेटंटही येतात. ग्रंथालयासाठी घेतलेली पुस्तके मात्र तिच्यातून वगळली आहेत. नवे बांधकाम, जागेची तयारी, जुन्या इमारतीतील भर, फेरफार आणि दुरुस्ती ही ‘कामे’. सेवांचे पुन्हा दोन प्रकार आहेत. ज्यात मुख्यतः बुद्धी आणि अनुभव विकत घेतला जातो, ती सल्लागार सेवा. आणि सुरक्षारक्षक, भाड्याची वाहने, साफसफाई, देखभाल, हवाई छायाचित्रण ही बिगर-सल्लागार सेवा. राज्यांचे नियम वेगळे असले, तरी विभागणीचे तत्त्व बहुतेक ठिकाणी असेच आहे.

हा निव्वळ कागदी सोपस्कार नव्हे. वस्तू बहुधा विकत घेण्याआधीच अस्तित्वात असते. तिचा नमुना पाहता येतो, ती तपासून ताब्यात घेता येते आणि साठा नोंदवहीत चढवता येते. काम मात्र पैसे मंजूर करताना अस्तित्वातच नसते. म्हणून दरसूचीवरून अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, काम जसजसे पुढे सरकेल तसतशी मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि काम संपल्यावर दोषदायित्व कालावधी, अशी लांबलचक साखळी लागते. पायात किती सळई गेली, हे वर भिंत उभी राहिल्यावर कोण सांगणार? सेवेची गोष्ट आणखी निराळी. ती ज्या क्षणी दिली जाते त्याच क्षणी संपते. काल रस्ता झाडला होता की नाही, हे आज रस्ता पाहून सिद्ध करता येत नाही. त्यामुळे हजेरी, कामाचा ठरलेला दर्जा आणि तो न पाळल्यास दंड, एवढाच तिथे आधार.

खरी अडचण येते ती सरमिसळ झालेल्या खरेदीत. रुग्णालयाने क्ष-किरण यंत्र घेतले, तर त्याची वाहतूक, विमा, उभारणी, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि देखभालही ‘वस्तू’तच धरली जाते, कारण ती मूळ खरेदीला आनुषंगिक असते. किती भाग आनुषंगिक मानावा, याची टक्केवारी व्याख्येत दिलेली नाही. मुख्य हेतू कोणता, हे पाहूनच निर्णय करावा लागतो.

हा प्रश्न किती चिवट आहे, हे करांच्या बाबतीत न्यायालयांनी अनुभवले आहे. इमारतीच्या कंत्राटात वापरलेल्या साहित्यावर विक्रीकर लावता येणार नाही, कारण कंत्राट अखंड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गॅनन डंकर्ले प्रकरणात म्हटले. तो कर लावता यावा म्हणून १९८२ मध्ये ४६वी घटनादुरुस्ती करावी लागली. पुढे उद्वाहनाचा, म्हणजे लिफ्टचा वाद आला. लिफ्ट बसवणे ही वस्तूची विक्री आहे, असे २००५ मध्ये ठरले. २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने ते काम-कंत्राट ठरवले. २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कराने स्थावर मालमत्तेच्या काम-कंत्राटाला सेवा मानले. म्हणजे निविदेत जे ‘काम’, तेच कराच्या हिशेबात ‘सेवा’! करासाठीचे वर्गीकरण उचलून खरेदीला लावणे म्हणूनच धोक्याचे.

वर्गीकरणाची झळ कोणाला बसते? पहिली लहान उद्योजकाला. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असा आदेश २०१२ मध्ये निघाला. २०१८ मध्ये हा वाटा २० टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आला. सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर भरणाऱ्या लघु उद्योगाला तो कमी दर स्वीकारून पुरवठ्यात वाटा मिळवता येतो. परंतु हे धोरण वस्तू आणि सेवांपुरते आहे. कामांची कंत्राटे त्यात धरली जात नाहीत. नव्या कार्यालयाच्या इमारतीबरोबर टेबले, खुर्च्या, कपाटेही एकाच कामाच्या निविदेत घातली, की फर्निचरचा छोटा कारखानदार स्पर्धेतूनच बाहेर पडतो. फार तर त्याने मोठ्या कंत्राटदाराच्या दारात पोटकंत्राटासाठी उभे राहायचे.

दुसरी झळ दर्जाला. सल्लागार सेवेत गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत वजन देता येते. कामे आणि बिगर-सल्लागार सेवा यांत ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ही मुभा ठरावीक अटींवर आणि ३० टक्क्यांच्या मर्यादेत दिली. वस्तूंच्या बाबतीत मात्र अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत स्वस्त, हाच सर्वसाधारण नियम. तयार सॉफ्टवेअरला तो ठीक आहे. पण एखाद्या खात्याच्या कारभाराचा अभ्यास करून नवी प्रणाली घडवून घ्यायची असताना तिला ‘वस्तू’ म्हटले, तर कल्पक आणि सुमार यांतील फरक मोजायला जागाच उरत नाही.

नागरिकालाही या भेदाचा उपयोग आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये कागदपत्रांबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. रस्त्याबद्दल शंका असेल तर मोजमाप पुस्तिका मागावी, बाकांबद्दल असेल तर पुरवठा आदेश आणि तपासणी अहवाल. झाडलोटीबद्दल असेल, तर हजेरीपट आणि कंत्राटदाराला प्रत्यक्षात किती दंड झाला, त्याची नोंद.