आधी गॅप, मग टायमिंग

हॉस्टेलवर बुलेटचा विषय निघाला की गाडीचा आवाज, ॲव्हरेज आणि लडाख यावर रात्र जाते. पण जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटमध्ये स्पार्क नेमका कधी पडतो असं विचारलं की आम्ही मेकॅनिकलवालेसुद्धा गप्प! मला ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं, आणि त्याची किंमत माझ्या काकांच्या घोट्याने मोजली. म्हणून हा लेख.

आधी थोडी थिअरी. पॉइंट म्हणजे एक साधा स्विच. तो मिटलेला असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरी वाइंडिंगमधून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅमच्या उंचवट्याने पॉइंट उघडला की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, सेकंडरीमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगला स्पार्क पडतो. कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी रोखतो आणि करंट झटकन तोडायला मदत करतो. चार्ल्स केटरिंग यांनी केलेली ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली. लक्षात ठेवायचं एकच : स्पार्क पॉइंट मिटताना नाही, उघडताना पडतो.

आता टायमिंग. पेट्रोलचं मिश्रण एका क्षणात जळत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. ३००० आरपीएमला क्रँक एका सेकंदात १८,००० अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर, म्हणजे टीडीसीला पोचण्याआधीच स्पार्क द्यावा लागतो. किक मारताना इंजिन हळू फिरतं, तेव्हा ॲडव्हान्स थोडाच हवा. वेग वाढला की ऑटो ॲडव्हान्सची वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क आपोआप लवकर पडतो. बुलेट ३५० साठी वजनं आत बसलेली असताना, म्हणजे फुल रिटार्डला, पॉइंट टीडीसीच्या ०.८ मिमी आधी उघडायला हवा. ९० मिमी स्ट्रोकच्या या इंजिनात त्याचे क्रँकचे साधारण दहा अंश होतात.

मी काय केलं? ०.८ मिमीवर टायमिंग अगदी परफेक्ट लावलं. मग सहज फिलर गेज घातला तर पॉइंटचा गॅप ०.२५ मिमीच निघाला. हवा ०.३५ ते ०.४०. मी शहाणपणा करून तो ०.४० केला आणि झाकण लावून टाकलं. काका म्हणाले, "सर बाजूला, पहिली किक माझी." गाडीने किक अशी उलटी मारली की काका खालीच बसले. घोटा सुजला, आठ दिवस लंगडत होते.

चूक कुठे झाली? गॅप वाढवताना आपण स्थिर पॉइंट लांब सरकवतो. मग कॅमचा चढ जरा सुरू झाला की पॉइंट लगेच उघडतो, म्हणजे स्पार्क लवकर पडतो. माझ्या "परफेक्ट" टायमिंगमध्ये कित्येक अंशांची भर पडली आणि पिस्टन वर येत असतानाच स्फोटाने त्याला उलटं ढकललं. याच्या विरुद्धही होतं. पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, गाडी मंद होते आणि जास्त तापते.

तर बरोबर क्रम असा. गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. पॉइंट पूर्ण उघडला की गॅप ०.३५ ते ०.४० लावा. स्क्रू आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण आवळताना गॅप हलतो.

मगच टायमिंग. दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले तर तो काँप्रेशन स्ट्रोक. प्लगच्या भोकातून बारीक सळई घालून टीडीसी शोधा. भोक तिरकं आहे, त्यामुळे सळई पिस्टनपेक्षा थोडी जास्त सरकते, हे ध्यानात ठेवा. आता चाक थोडं जास्त मागे घ्या आणि पुढे आणत ०.८ मिमीवर थांबा, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जातो. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरा (वॉर्डन सर, फक्त कागद!) आणि प्लेट सैल करून हळू फिरवा. कागद सुटला की तीच जागा. कागद नको असेल तर इग्निशन चालू करून अँपिअर मीटर बघा : पॉइंट उघडताच काटा शून्यावर येतो. मात्र पॉइंट मिटलेला असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते. शेवटी प्लेट आवळा आणि पुन्हा एकदा तपासा.

आजच्या गाड्यांत हे सगळं ईसीयू करतो, तिथे आपल्याला काही दिसत नाही. जुन्या बुलेटमध्ये मात्र थिअरी बोटांना जाणवते, आणि चुकली तर पायालासुद्धा!

घोटा बरा झाल्यावर काकांनी फिलर गेज माझ्या हातात दिला. "परत लाव. या वेळी पहिली किक तुझी."

मी आधी गॅप लावला. मग टायमिंग. तीनदा तपासलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली.