भूकंपात जमीन पातळ होते तेव्हा

भूकंप म्हटला की आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवते. तिथे जाडजूड दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे गेली. पण भूकंपाचा दुसराही एक मार आहे. त्यात पायाखालची जमीनच पातळ होते. याला मातीचे द्रवीकरण म्हणतात.

१५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात उत्तर बिहारमध्ये सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात हे घडले. भेगांतून पाणी आणि वाळू उसळली. शेतांवर वाळू पसरली, विहिरी बुजल्या, घरे कलली. २६ जानेवारी २००१ ला कच्छच्या रणातही असेच पाणी-वाळू वर आले.

असे का होते?

नदीकाठी ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटून पाहा. वाळू थलथलते, पाणी वर येते. भूकंपातही तसेच. सैल वाळू हादरून दबू लागते, पण मधल्या पाण्याला निघायला वेळ मिळत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि वरचे बांधकाम खचते.

धोका कसा ओळखावा?

शेतकरी बंधूंनो, तीन गोष्टी पाहा.

१) खाली काय आहे? विहीर खणताना लागलेले थर लिहून ठेवा. सैल बारीक वाळू किंवा रेताड गाळ असेल तर सावध व्हा. चिकण काळी माती सहसा अशी पातळ होत नाही. कातळाचा तर प्रश्नच नाही. नदीकाठची मळई, खाडीकाठची रेताड जमीन, वाळूने बुजवलेले खड्डे इथे लक्ष हवे.

२) पाणी किती खोल? पावसाळा संपताना विहिरीची पातळी मोजा. पाणी जितके वर, तितका धोका जास्त. कोरडी वाळू पातळ होत नाही.

३) धक्का किती जोराचा बसू शकतो? हे भूकंप विभागांच्या नकाशावरून कळते.

तिन्ही गोष्टी जुळल्या तरच खरा धोका.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनी पाण्याची टाकी, शाळा, दवाखाना बांधण्याआधी माती परीक्षण मागावे. यात ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. वाळूत ठोके कमी लागले, तर ती सैल समजावी. मग वाळू ठोकून घट्ट करणे, खडीचे खांब भरणे किंवा खालच्या पक्क्या थरापर्यंत पाया नेणे, असे उपाय आहेत. पण ते खर्चिक. गावात दुसरी घट्ट जागा असेल तर तीच घ्यावी. नदीकाठची जागा फुकट मिळते म्हणून टाकी तिथेच उभी करू नये. जागेचा ठराव होण्याआधी जवळच्या विहिरींचे थर आणि पाण्याची पातळी ग्रामसभेपुढे ठेवा.